नाक मोठं की तारीख?

पाकिटावरची तारीख शोधण्याचा विधी मराठी घरात साधारण संध्याकाळी साडेसातच्या सुमारास सुरू होतो. ओट्यापाशी उभी असलेली व्यक्ती पाकीट ट्यूबलाइटखाली धरते, तिरकं करते, उलटं करते, चष्मा कपाळावर चढवते, पुन्हा डोळ्यांवर आणते आणि शेवटी हाक मारते, "अरे, जरा मोबाइलची बॅटरी लाव रे!" मोबाइल येतो. त्याच्या उजेडात पाकिटाचा चंदेरी कागद असा काही चकाकतो की मघाशी जे थोडंफार दिसत होतं तेही दिसेनासं होतं. एव्हाना कढईतल्या तेलाने धूर काढायला सुरुवात केलेली असते.

तारीख असते. कायद्याने ती असावीच लागते. पण छापणाऱ्याला ती लपवण्यात काही वेगळाच आनंद मिळत असावा. समोर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की किंमत, बॅच नंबर आणि तारखेसाठी पाकिटाचा तळ पाहावा. तळावर लिहिलेलं असतं, कडेला पाहावं. कड म्हणजे पाकीट चिकटवलेली दातेरी पट्टी. तिथे करड्या ठिपक्यांनी काही आकडे उमटलेले असतात, त्यातले निम्मे घडीत गेलेले.

"तीन दिसतोय."

"आठ आहे तो."

"आठ कसा असेल? डावीकडून उघडा आहे."

"घडी पडलीय म्हणून उघडा वाटतोय."

ही झाली भाग्यवान घरं. बाकीच्या घरांत ती पट्टी सकाळीच कात्रीने कापून कचऱ्यात गेलेली असते आणि कचरेवाला दहालाच येऊन गेलेला असतो.

तारीख सापडली तरी सुटका नाही. काही पाकिटं नुसतं सांगतात, उत्पादनापासून सहा महिने. मग घरातले आजोबा मुठीची हाडं मोजत जून, जुलै, ऑगस्ट म्हणत बसतात आणि अर्ध्या वाटेवर फोन वाजला की पुन्हा जूनपासून सुरुवात. अमेरिकेहून भाचीने आणलेल्या चॉकलेटांची तर वेगळीच तऱ्हा. तिकडे महिना आधी आणि दिवस नंतर. खोक्यावरची ०४/०९ ही चार सप्टेंबर समजून निवांत राहिलेल्या घराला एप्रिल उलटून बरेच दिवस झाल्यावर जाग येते. तशीच खोकी वेळेआधी केराच्या टोपलीत गेल्याचीही उदाहरणं आहेत.

ठाण्यातल्या एका नमुनेदार घराचं उदाहरण घेऊ. घरात माणसं पाच आणि पक्ष तीन. पहिला नाकपक्ष. त्याच्या अध्यक्ष आजी. त्या कुठल्याही पातेल्याचं झाकण किलकिलं करतात, एक श्वास घेतात आणि निकाल देतात. निकालावर अपील नाही. दुसरा तारीखपक्ष, म्हणजे सूनबाई. छापील तारीख उलटलेली वस्तू त्यांच्या लेखी रात्री बाराच्या ठोक्याला विष होते. तिसरा पक्ष म्हणजे घरातला कर्ता पुरुष. तो वासही घेत नाही आणि तारीखही बघत नाही. तो खातो. त्याला काही झालं नाही तर पदार्थ चांगला होता असं ठरतं. आजोबा आणि कॉलेजात जाणारी नात हे अपक्ष. ज्या बाजूला खाऊ असेल तिकडे मत देतात.

एका रविवारी बिस्किटांच्या पुड्यावरून ठिणगी पडली. तारीख दोन दिवसांपूर्वीची होती.

"आई, ही टाकून देते हं."

"का? वास तर चांगला येतोय."

"तारीख गेलीय."

"अगं, तारीख गेली म्हणजे बिस्किटं गेली का? आमच्या वेळी होत्या का तारखा? मग इतकी वर्षं आम्ही काय दगड खाल्ले?"

यावर सूनबाईंकडे उत्तर नसतं. असलंच तर ते देण्याची सोय नसते.

मुळात दोघींचंही थोडं बरोबर आणि थोडं चूक आहे. सरकारनेच तारखांचे दोन प्रकार करून ठेवले आहेत. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा. त्याखाली नेमलेल्या एफएसएसएआयने २०२० साली लेबलांचे नवे नियम काढले. त्यांनुसार पाकिटावर उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि 'एक्सपायरी' म्हणजेच 'यूज बाय' ही तारीख सक्तीची. 'बेस्ट बिफोर' कंपनीला हवं तर वरून छापावं. 'यूज बाय' उलटलं की माल विकायचा नाही आणि खायचाही नाही, विषय संपला. 'बेस्ट बिफोर'चा मामला मऊ आहे. त्या दिवसापर्यंत कुरकुरीतपणा, चव, वास हे सगळं जाहिरातीतल्यासारखं राहील असं कंपनी सांगते. पुढे पदार्थ उतरलेला असेल, मऊ पडलेला असेल, पण नीट ठेवला असेल तर खाण्याजोगा असू शकतो. म्हणजे रविवारच्या भांडणात आधी एकच प्रश्न विचारायला हवा होता, की पुड्यावरची उलटलेली तारीख या दोन प्रकारांतली नेमकी कोणती आहे. तो विचारायचं कोणाला सुचलं नाही. वाद तोवर आजींच्या माहेरच्या तुपापर्यंत पोचला होता.

नियमांतून काही वस्तूंना माफी आहे. न चिरलेली ताजी फळं-भाज्या, व्हिनेगर, वाइन आणि साखर यांच्यावर एक्सपायरी छापण्याची सक्ती नाही. हे ठाऊक नसल्याने सूनबाई एकदा साखरेची पिशवी घेऊन दुकानात परत गेल्या होत्या. "वहिनी, साखरेला तारीख नसते," दुकानदार म्हणाला. त्यांचा विश्वास बसला नाही. घरी आल्यावर आजींनीच तंटा मिटवला. "मुंग्यांना चालतेय ना? मग चांगली आहे."

मिठाईच्या दुकानात तारीख यायला मात्र २०२० चा ऑक्टोबर उजाडावा लागला. तेव्हापासून सुट्या मिठाईच्या ट्रेपुढेही 'बेस्ट बिफोर'ची पाटी हवी असा आदेश आहे. त्याआधी सगळा कारभार तोंडी होता. "पेढे ताजे आहेत ना?" या प्रश्नाला आजवर एकाही हलवायाने नाही म्हटलेलं नाही. आता पाटी असते, पण गिऱ्हाईक ती वाचत नाही. ते पाटीच्या वरून वाकून विचारतं, "ताजे आहेत ना?"

दहा मिनिटांत घरी सामान आणून देणाऱ्यांचाही बंदोबस्त झाला आहे. माल गिऱ्हाइकाच्या हाती पडताना त्याच्या एकूण टिकाऊपणाचा किमान ३० टक्के काळ किंवा एक्सपायरीपर्यंत ४५ दिवस शिल्लक असावेत, असं एफएसएसएआयने २०२४ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं. मालाने दहा मिनिटांत दार गाठावं आणि मग फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात महिनाभर विस्मृतीत जावं, यावर मात्र नियम नाही.

आता खरी गंमत. पाकिटावरची तारीख, मग ती कितीही मोठ्या अक्षरांत असो, बंद पाकिटाची असते. त्यावर कात्री चालली की तिचा करार संपला. टेट्रापॅकमधलं दूध न उघडता फ्रीजबाहेर काही महिने सुखाने राहतं. तेच उघडलं की त्याला फ्रीज लागतो आणि दोन-तीन दिवसांत ते संपवावं लागतं. ही सूचना पाकिटावर छापलेली असते, तारखेपेक्षाही बारीक अक्षरांत. पण सूनबाईंचं बोट तारखेवर असतं. "बघा, अजून चार महिने आहेत," असं म्हणून उघडलेला खोका, कोपऱ्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून, ओट्यावर विराजमान होतो. तिसऱ्या दिवशी चहा फाटतो आणि ठपका गवती चहावर येतो.

नाकपक्षालाही मध्यंतरी परदेशातून बळ मिळालं. ब्रिटनमधल्या मॉरिसन्स या सुपरमार्केटने २०२२ साली आपल्या बहुतेक दुधावरचं 'यूज बाय' काढून 'बेस्ट बिफोर' छापायचं ठरवलं आणि दूध वास घेऊन पाहा, असं गिऱ्हाइकांना सांगितलं. नातीने ही बातमी आजींना वाचून दाखवली. तेव्हापासून त्या पातेल्यावर वाकतात तेव्हा त्यांच्या पाठीशी सगळं लंडन उभं असतं.

पण नाकालाही मर्यादा असतात आणि त्या नेमक्या घरात सगळ्यांच्या आवडीच्या पदार्थापाशी येऊन थांबतात. तो पदार्थ म्हणजे फोडणीचा भात.

या भाताचा प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे. रात्री जेवणं आटोपतात. पातेल्यात दोन वाट्या भात उरतो. त्याचा फ्रीजमध्ये जाण्याचा हक्क तत्काळ नाकारला जातो, कारण तो गरम आहे आणि गरम वस्तू ठेवली की फ्रीज बिघडतो, असा घराचा ठाम समज. मग त्यावर ताटली, ताटलीवर वरवंटा (मांजर येतं, इमारतीत बाराव्या मजल्यावर मांजर कुठून येतं हे कोणी विचारत नाही) आणि तो रात्रभर ओट्यावर. सकाळी आजी ताटली सरकवतात, वास घेतात. तार सुटलेली नाही, आंबूस वास नाही. "चांगला आहे." मोहरी तडतडते, कढीपत्ता पडतो, शेंगदाणे पडतात, आणि घरभर असा वास सुटतो की तारीखपक्षाची उरलीसुरली नैतिक ताकद गळून पडते. सूनबाई स्वतः दोनदा वाढून घेतात. या भातावर तारीख छापलेली नाही ना!

तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट होऊन तासन्‌तास बाहेर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांच्यातले काही विष तयार करतात. त्या विषाला वास नाही, चव नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या फोडणीने ते जातही नाही. पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या मधली हवा या मंडळींना मानवते, आणि ठाण्याच्या स्वयंपाकघराने मे महिन्यात तीसच्या खाली कधी पाहिलेलं नाही. उपाय अगदी साधा. भात परातीत पसरायचा, वाफ गेली की डब्यात भरायचा आणि दीड-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. थोड्या कोमट भाताने फ्रीज मरत नाही. सकाळी खाताना चांगली वाफ येईपर्यंत तापवायचा.

पण हे पटणार कसं? भात खाऊन कधी कोणाला दुपारी उलट्या झाल्याच, तर चौकशी समिती लगेच बसते.

"काल काय खाल्लंस?"

"काही नाही. संध्याकाळी पाणीपुरी."

"तरी म्हटलं!"

पाणीपुरीवाला पुढचे सहा महिने बदनाम. सकाळच्या भाताची साधी साक्षसुद्धा होत नाही, कारण तो घरचा.

फ्रीजची कथा याहून करुण. तो पाच अंशांच्या खाली असावा असं तज्ज्ञ सांगतात. फ्रीजच्या आत एक गोल चकती असते, तिच्यावर एक ते सात आकडे. आजोबा निवृत्त हिशेबनीस. आकड्यांवर त्यांची श्रद्धा. त्यांनी तज्ज्ञांचं म्हणणं पेपरात वाचलं आणि चकती सातावरून एकावर आणली. "पाचच्या खाली पाहिजे ना? घ्या, एक. वर वीजही वाचेल." अशा बहुतेक चकत्यांवर आकडा वाढला की गारवा वाढतो, ते अंश नसतात. हे कळेपर्यंत घराने आठवडाभर कोमट ताक पचवलं. साडेपाचशे रुपयांचा थर्मामीटर आणायचा ठराव झाला आणि खर्चाच्या मुद्द्यावर फेटाळला गेला.

शिवाय त्या फ्रीजमध्ये अन्नाला जागा कुठे असते? एका फळीवर पूजेची फुलं, दुर्वा आणि गजरा. दुसरीवर मेंदीचे कोन, डोळ्यांत घालायचे थेंब, कुणाच्या तरी मुंजीतले लाडू आणि सत्यनारायणाचा प्रसाद, जो टाकवत नाही आणि खाववतही नाही. दाराला दूध, कारण कंपनीने तिथे बाटलीची जागा केली आहे. आणि दार ही फ्रीजमधली सगळ्यात उबदार जागा, दिवसातून चाळीसदा उघडणारी. हवा खेळायला फट नाही. बटाटे मात्र हटकून आत. थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते आणि तळले की ते काळपट पडतात, म्हणून त्यांना बाहेर अंधारात टोपलीत ठेवायचं, तेही कांद्यापासून लांब. सूनबाईंनी कांदे-बटाटे वेगळे केले. आजींनी जागा वाचवायला पुन्हा एकत्र केले. बटाट्यांना कोंब फुटले, तेव्हा नातीने ते कुंडीत लावले आणि घरातलं पहिलं पीक आलं.

मराठी घरात अन्न टाकत नाहीत. सरळ टाकणं हे पाप. म्हणून आधी ते फ्रीजमध्ये ठेवतात, त्याला बुरा यायची वाट पाहतात आणि मग निर्मळ मनाने टाकतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ च्या अहवालात हिशेब मांडला, की २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. त्यात दाराच्या कप्प्यात सुकून लाकूड झालेल्या अर्ध्या लिंबांची गणती झाली असेल तर आकडा बरोबर असावा.

आजींना निकालात काढण्याआधी त्यांचं कपाट बघायला हवं. तिथे तारीखपक्षाचं काही चालत नाही. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, गव्हात बिब्बे, मसाल्याच्या बरणीत वर-खाली हिंगाचे खडे, रवा भाजून ठेवलेला. लोणच्यावर दोन बोटं तेल, म्हणजे फोडी हवेला उघड्या पडत नाहीत. आणि मीठ इतकं की जिवाणूंना प्यायला पाणीच उरत नाही. त्या बरणीत ओला चमचा घालणं हा घरातला एकमेव दखलपात्र गुन्हा. तो जावयाकडून घडला होता. आठ दिवसांनी लोणच्यावर पांढरा बुरा आला आणि आजी अजून त्या जावयाशी फक्त हवामानावर बोलतात. एका बाबतीत मात्र त्यांनी ऐकायला हवं. बुरशी आलेले शेंगदाणे निवडून बाकीच्यांचं कूट करायचं नाही. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन निवडून जात नाही आणि भाजूनही पुरतं जात नाही. आजींचं यावर म्हणणं असं की दाण्यांचा भाव या शास्त्रज्ञांना माहीत नसावा.

तारीखपक्षाचा सर्वांत दारुण पराभव याच कपाटात झाला. दिवाळीच्या साफसफाईत सूनबाईंच्या हाती काचेची बाटली लागली. तळाशी छापलेलं, २०१९. आतली पिवळसर पूड त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता टाकली आणि बाटली घासून पालथी घातली.

"अगं, इथलं मेतकूट कुठे गेलं?"

"कोणतं?"

"त्या कॉफीच्या बाटलीतलं!"

"आई, त्यावर २०१९ होतं."

"कॉफी २०१९ ची होती! मेतकूट परवा दळून आणलं!"

या प्रसंगानंतर नातीने मध्यस्थी केली. ती स्टिकरांचं भेंडोळं आणि न पुसणारं पेन घेऊन आली. यापुढे प्रत्येक डब्यावर पदार्थाचं नाव आणि तारीख. जुन्या तारखेचा डबा पुढे, नव्या तारखेचा मागे, आणि जुनं आधी संपवायचं. किराणा दुकानदार हेच करतात, हॉटेलवाले हेच करतात. पहिला आठवडा घराने शिस्तीत काढला. 'पोहे' लिहिलं, 'मीठ' लिहिलं, आजोबांनी उत्साहात चष्म्याच्या घरावरही तारीख टाकली. मग पेन हरवलं. स्टिकर घासून निघेनात, त्यामुळे एकाच डब्यावर 'राजमा', 'रबडी' आणि 'मेथी' असे तीन थर चढले आणि आत ताक निघालं. कर्त्या पुरुषाने तारीख बघायला कॅलेंडरपर्यंत जायचा कंटाळा करून नुसते वार लिहायला सुरुवात केली.

परवा फ्रीजरच्या तळातून एक डबा निघाला. वर लिहिलं होतं, 'मंगळवार'.

"कोणता मंगळवार?"

"मला काय माहीत? मी लिहिलं तेव्हा मंगळवार होता."

डबा कोमट पाण्यात ठेवून उघडला. आत तपकिरी गोळा. आजींनी वास घेतला, पण गोठलेल्या वस्तूला वास येत नाही, त्यामुळे नाकपक्ष गप्प. छापील तारीख नाही, त्यामुळे तारीखपक्षही गप्प. आजोबांनी चमच्याने कोपरा खरवडला.

"गूळ-खोबरं आहे. म्हणजे मोदकाचं सारण. मोदक आपल्याकडे गणपतीत, नाहीतर अंगारकीला. आणि मंगळवार लिहिलंय, म्हणजे अंगारकीच."

घर थक्क झालं. कर्त्या पुरुषाने चमचा घेतला.

"थांबा," सूनबाई म्हणाल्या. "कोणती अंगारकी?"

आजोबा भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं उलटत मागे गेले. जानेवारीपर्यंत पोचले. यंदा मोदक झाल्याची खूण कुठेच नव्हती. गॅस कधी लावला आणि दूधवाला किती दिवस आला नाही याच्या मात्र होत्या.

"गेल्या वर्षीचं कुठे आहे गं?"

"आहे की," आजी म्हणाल्या. "मसाल्याच्या फळीवर अंथरलंय. ऑगस्ट बघायचा असेल तर आधी हळदीचा डबा उचला, आणि हात कोरडे आहेत ना तेवढं बघा."